दफ्तरखान्यातील कारकून : डेटाबेसच्या पोटात प्रोग्रामिंगच्या भाषा

प्रतिनिधी

बचत खात्यावरील व्याज २०१० पूर्वी कसे मोजले जात असे, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले असेल. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. अकरा तारखेला पन्नास हजार रुपये काढून बारा तारखेला ते परत भरले, तरी त्या पन्नास हजारांवरील महिन्याचे व्याज बुडाले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१० पासून बँका दररोजच्या शिलकेवर व्याज मोजू लागल्या. खातेदारांसाठी ही आनंदवार्ता होती. बँकांच्या संगणक विभागांपुढे मात्र त्या निमित्ताने एक वरकरणी साधा प्रश्न उभा राहिला असणार : व्याजाचा नियम नेमका लिहिलेला कुठे आहे?

खिडकीवरील कर्मचाऱ्याच्या संगणकात, एटीएमशी बोलणाऱ्या आज्ञावलीत, इंटरनेट बँकिंगच्या सर्व्हरवर, की खात्यांच्या नोंदी जिथे प्रत्यक्ष राहतात त्या डेटाबेसच्या पोटात? पहिल्या तिन्ही ठिकाणी तो वेगवेगळा लिहिलेला असेल, तर तिन्ही ठिकाणी तो बदलावा लागणार आणि त्यातील एक जागा विसरली जाण्याची भीती कायम राहणार. चौथ्या ठिकाणी असेल, तर एकाच जागी बदल पुरेसा होतो. मात्र त्यासाठी डेटाबेसला ‘जर असे असेल तर तसे कर’ ही भाषा कळावी लागते. रिलेशनल डेटाबेसला ती जन्मतः कळत नव्हती. ती त्याला कशी शिकविली गेली आणि त्यापायी कोणत्या नव्या चिंता घरात आल्या, याचा हा मागोवा.

‘काय’ सांगणारी भाषा

रिलेशनल डेटाबेसची कल्पना आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात मांडली. सर्व माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि ती मागणाऱ्याला ती डिस्कवर कुठे, कोणत्या क्रमाने साठविली आहे याची फिकीर करावी लागू नये, हे त्या निबंधाचे सार. या तक्त्यांशी बोलण्यासाठी आयबीएममधीलच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ नावाची भाषा सादर केली. पुढे तिच्या नावातील स्वर गळाले आणि ती ‘एसक्यूएल’ झाली.

या भाषेत ‘काय हवे’ तेवढे सांगायचे असते. ‘कसे करावे’ ते सांगायचे नसते. ‘ठाणे शाखेतील, दहा हजारांहून अधिक शिल्लक असलेल्या खातेदारांची नावे दे’ एवढे म्हटले की पुरे. सूची वापरायची की सारा तक्ता चाळायचा, दोन तक्ते आधी जोडायचे की आधी गाळायचे, हे डेटाबेसमधील ‘ऑप्टिमायझर’ नावाचा भाग ठरवितो. जुन्या कचेरीतील दफ्तरखान्याशी याचे साम्य आहे. खिडकीतून चिठ्ठी आत सरकवायची. आतला माणूस कोणत्या फडताळातून, कोणत्या शिडीवर चढून कागद काढतो, हे बाहेरच्याने विचारायचे नाही.

अडचण येते ती टप्प्याटप्प्याने निर्णय घ्यावयाचे असतात तेव्हा. समाशोधनासाठी आलेला एक धनादेश घ्या. खात्यात पुरेशी शिल्लक आहे का? नसल्यास खातेदाराला जादा उचल मंजूर आहे का? मंजूर असेल तर रक्कम वळती करून शुल्काची नोंद घाला. नसेल तर धनादेश परत करा, परतीचे कारण लिहा आणि या वर्षी किती धनादेश परत गेले याची मोजणी एकाने वाढवा. मूळ एसक्यूएलमध्ये ‘जर-तर’च्या वाटा नव्हत्या, एकच कृती पुन:पुन्हा करणारा ‘लूप’ नव्हता, मधली बेरीज तात्पुरती लक्षात ठेवण्याची सोयही नव्हती. त्यामुळे असा निर्णय घेणारी आज्ञावली कोबोल, सी किंवा तत्सम भाषेत बाहेर लिहावी लागे आणि प्रत्येक टप्प्याला डेटाबेसच्या खिडकीशी एक फेरी मारावी लागे.

या फेऱ्या महाग पडतात. समजा, एका सायंकाळी चाळीस हजार धनादेश आले आणि प्रत्येकासाठी तीन फेऱ्या झाल्या, तर एकूण १,२०,००० फेऱ्या होतात. जाळ्यावरून प्रश्न जाऊन उत्तर येण्यास एक सहस्रांश सेकंद लागतो असे धरले, तरी नुसत्या ये-जा करण्यात दोन मिनिटे जातात. त्यात हिशेबाचे काम काहीच झालेले नसते. शिवाय या काळात संबंधित खात्यांच्या ओळी कुलूपबंद राहतात आणि त्याच खात्यावर दुसऱ्या खिडकीतून आलेल्याला ताटकळावे लागते. तेव्हा कारकुनालाच दफ्तरखान्याच्या आत नेऊन बसवावे, म्हणजे फेऱ्या वाचतील, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते.

ज्याची त्याची बोली

ही कल्पना बाजारात ठळकपणे आणली ती सायबेस या कंपनीने. १९८७ मध्ये आलेल्या तिच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘स्टोअर्ड प्रोसिजर’ आणि ‘ट्रिगर’ होते. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्येच साठविलेली, नाव घेऊन बोलावता येणारी कृतींची मालिका; ट्रिगर म्हणजे तक्त्यात काही घातले, बदलले वा पुसले गेले की आपोआप चालणारी आज्ञावली. सायबेसच्या या बोलीचे नाव ‘ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल’. मायक्रोसॉफ्टने सायबेसशी करार करून तेच उत्पादन आपल्या नावाने विकण्यास सुरुवात केली. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले, परंतु बोली दोन्ही घरांत राहिली.

ओरॅकलने १९८८ मधील सहाव्या आवृत्तीत ‘पीएल/एसक्यूएल’ ही भाषा आणली. आज्ञावली डेटाबेसमध्ये कायमची साठवून ठेवण्याची सोय मात्र १९९२ च्या सातव्या आवृत्तीत मिळाली. ही भाषा ‘एडा’ या भाषेच्या वळणावर बेतलेली आहे. एडा ही अमेरिकी संरक्षण खात्यासाठी तयार झालेली, काटेकोरपणासाठी प्रसिद्ध असलेली भाषा. तिचे कूळ पास्कलपर्यंत जाते. महाविद्यालयात पास्कल शिकलेल्या पिढीला पीएल/एसक्यूएलमधील ‘बिगिन’, ‘एन्ड’ आणि अपूर्णविरामापुढे बरोबरचे चिन्ह घालण्याची पद्धत ओळखीची वाटते, ती त्यामुळेच.

या साऱ्यांना एका सूत्रात बांधण्याचा प्रयत्न आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषेने केला, पण १९९६ मध्ये, म्हणजे वरात निघून गेल्यावर. तोवर प्रत्येक कंपनीचे ग्राहक तिच्या बोलीत लाखो ओळी लिहून बसले होते. प्रमाणभाषेशी बऱ्यापैकी इमान राखणारी मायएसक्यूएलची बोली २००५ च्या ५.० आवृत्तीत आली, हेही येथे नोंदविले पाहिजे. त्यापूर्वीची अनेक वर्षे मायएसक्यूएल स्टोअर्ड प्रोसिजरशिवायच जगभरच्या संकेतस्थळांचे ओझे वाहत होता. कारकुनाला आत बसविल्यावाचून कचेरी चालतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

बर्कलेचे वेगळे उत्तर

सायबेस आणि ओरॅकल यांनी ‘आमच्या डेटाबेसची भाषा कोणती’ हा प्रश्न सोडविला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात जन्मलेल्या पोस्टग्रेसने निराळाच प्रश्न हाती घेतला : कोणतीही भाषा आत आणता येईल, असे दार कसे करावे?

मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचा मूळ विचारच विस्ताराचा होता. वापरणाऱ्याने स्वतःचे माहितीप्रकार, स्वतःची चिन्हे, स्वतःची फंक्शने जोडावीत आणि डेटाबेसने ती आपलीच मानावीत. विद्यापीठातील प्रकल्प संपल्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकविले, आणि १९९६ मध्ये स्वयंसेवकांच्या हाती गेलेल्या या प्रणालीला ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हे नाव मिळाले. नावाचा उच्चार आजही भल्याभल्यांना अडखळवितो. म्हणून बोलताना सारेच ‘पोस्टग्रेस’ म्हणतात.

१९९८ हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षीच्या ६.३ आवृत्तीत यान वीक या जर्मन प्रोग्रामरने ‘टीसीएल’ ही भाषा डेटाबेसमध्ये आणली आणि वर्षअखेरीस आलेल्या ६.४ आवृत्तीत ओरॅकलच्या वळणाची ‘पीएल/पीजीएसक्यूएल’ ही स्वतंत्र भाषा दिली. त्यानंतर पर्ल आणि पायथन आल्या. आकडेशास्त्राची ‘आर’, जावा, जावास्क्रिप्ट, लुआ यांच्यासाठीही बाहेरच्या मंडळींनी जोडण्या तयार केल्या.

हे जमते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. पोस्टग्रेसच्या गाभ्याला पर्ल वा पायथनचा एक शब्दही कळत नाही. तो फक्त एक नोंदवही ठेवतो. या नोंदवहीत प्रत्येक भाषेचे नाव आणि तिच्या ‘हँडलर’चा पत्ता असतो. हँडलर म्हणजे सी भाषेत लिहिलेले एक छोटे फंक्शन, एक प्रकारचा दुभाषा. फंक्शनला हाक मारली गेली की डेटाबेस पाहतो, हे कोणत्या भाषेतील आहे. मग त्या भाषेच्या दुभाषाला बोलावून म्हणतो, ‘हा मजकूर, ही मूल्ये, उत्तर आणून दे.’ मजकूर समजून घेणे, तो चालविणे, चुका झाल्यास कळविणे ही सारी जबाबदारी दुभाषाची. काम करताना त्याला पुन्हा तक्त्यांतील माहिती लागली, तर ती मागण्यासाठी सर्व भाषांना सामायिक असा एक अंतर्गत मार्ग दिलेला आहे.

गंमत अशी, की घरची म्हणावी अशी पीएल/पीजीएसक्यूएलही याला अपवाद नाही. तीही दुभाषामार्फतच येते. २०१० च्या ९.० आवृत्तीपूर्वी ती प्रत्येक डेटाबेसमध्ये मुद्दाम बसवून घ्यावी लागे. त्या आवृत्तीपासून ती आपोआप मिळू लागली. तिच्यात ‘दोन संख्यांची बेरीज कर’ एवढे साधे वाक्य लिहिले, तरी ती बेरीज स्वतः न करता ते काम डेटाबेसच्या एसक्यूएल यंत्रणेकडेच सोपविते. त्यामुळे तिच्यातील गणिते आणि माहितीप्रकार तक्त्यांतील गणितांशी तंतोतंत जुळतात. पैशाच्या हिशेबात हे लहान सुख नव्हे. शुद्ध आकडेमोडीच्या लांबलचक फेऱ्यांत मात्र ती धापा टाकते.

डेटाबेसच्या लेखी फंक्शनचा देह हा निव्वळ अक्षरांची माळ असल्याने एक विचित्र त्रास पूर्वी होत असे. एसक्यूएलमध्ये अक्षरमाळ एकेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. सारे फंक्शनच अवतरणात ठेवायचे, तर त्याच्या आतील प्रत्येक अवतरण दुप्पट करावे लागे. आतल्या मजकुरात आणखी एखादी अक्षरमाळ रचायची असेल तर चौपट. जुन्या उदाहरणांत सलग सहा-सहा अवतरणचिन्हे दिसतात आणि त्यातील एक निसटले की आख्खे फंक्शन अडखळते. २००५ च्या आरंभी आलेल्या ८.० आवृत्तीने दोन डॉलरचिन्हांच्या जोड्यांमध्ये मजकूर ठेवण्याची सोय केली आणि ही पीडा संपली. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सुधारणेने डेटाबेसमध्ये आज्ञावली लिहिणे किती सुसह्य केले, हे त्यापूर्वी अवतरणे मोजत बसलेल्यालाच कळेल.

याच ८.० आवृत्तीत चूक पकडून तिच्यावर उपाय करण्याची सोय पीएल/पीजीएसक्यूएलला मिळाली. तोवर फंक्शनमध्ये काही बिघडले की सारा व्यवहार मागे घेतला जाई. फंक्शनच्या आतून व्यवहार पक्का करण्याची मुभा मात्र नव्हती. ती २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत ‘प्रोसिजर’ हा स्वतंत्र प्रकार आल्यावर मिळाली. ओरॅकलच्या लोकांना ही सवय पहिल्यापासून होती.

कारकुनावर विश्वास किती?

आता मुख्य काळजीकडे वळू. आत बसविलेला कारकून दफ्तरखान्याच्या किल्ल्या घेऊन बसलेला असतो. पोस्टग्रेसमधील फंक्शन हे सर्व्हरच्या प्रक्रियेतच, सर्व्हरच्या संगणकीय खात्याच्या अधिकाराने चालते. त्या खात्याला डेटाबेसच्या साऱ्या फायली वाचता-लिहिता येतात. तेव्हा ज्या भाषेत फाइल उघडता येते, दुसरी आज्ञावली चालविता येते, जाळ्यावर जोडणी करता येते, ती भाषा कोणाही वापरकर्त्याच्या हाती देणे म्हणजे तक्त्यांवरील सर्व पहारे मागच्या दाराने निकामी करणे होय. तक्ता वाचण्याची परवानगी नसलेला माणूस सरळ तक्त्याची फाइलच वाचू शकेल.

पोस्टग्रेसने यासाठी भाषांचे दोन वर्ग केले. ‘विश्वासार्ह’ भाषेत बाहेरच्या जगाकडे जाणारी दारे बंद असतात. तिच्यात साध्या वापरकर्त्यालाही फंक्शन लिहू देता येते. ‘अविश्वासार्ह’ भाषेत सारी दारे उघडी असतात आणि म्हणून तिच्यात फंक्शन तयार करण्याचा अधिकार केवळ सर्वाधिकारी ‘सुपरयूजर’ला असतो. अशा भाषेच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘यू’ हे अक्षर लावण्याचा प्रघात पडला. पर्ल दोन्ही रूपांत मिळते, एक साधे आणि एक ‘यू’चे. पीएल/पीजीएसक्यूएलला फाइली उघडणे मुळातच ठाऊक नसल्याने ती विश्वासार्ह.

‘विश्वासार्ह’ या शब्दाने नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो. हा भाषेच्या गुणवत्तेचा दाखला नव्हे. त्या भाषेत लिहिणाऱ्या परक्या माणसाला आत येऊ दिले, तर तो ठरवून दिलेल्या अंगणाबाहेर जाऊ शकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे अंगण कसे आखायचे? टीसीएलपाशी त्यासाठी तयार कुंपण होते. ई-मेलमधून आलेली अनोळखी आज्ञावली सुरक्षितपणे चालविता यावी, या हेतूने विकसित झालेली ‘सेफ टीसीएल’ ही कल्पना तिच्यात होती आणि पोस्टग्रेसने तीच वापरली. पायथनच्या बाबतीत मात्र कुंपण दगा देऊन गेले. पायथनमध्ये ‘रेक्झेक’ नावाचे एक मोड्यूल मर्यादित अधिकारांत आज्ञावली चालविण्यासाठी होते. भाषेत २.२ आवृत्तीपासून नव्या धर्तीचे ‘क्लास’ आले, त्यांच्या आडून हे कुंपण ओलांडता येते असे दिसून आले, आणि २००३ मध्ये पायथनच्या कर्त्यांनी ते मोड्यूलच निकामी केले. पोस्टग्रेसच्या मंडळींनी नवे कुंपण बांधण्याचा खटाटोप केला नाही. त्याच वर्षीच्या ७.४ आवृत्तीत त्यांनी पायथनच्या नावापुढे ‘यू’ लावला आणि ती केवळ सुपरयूजरसाठी ठेवली. प्रस्तुत लेखकाच्या मते सुरक्षेच्या क्षेत्रातील हा एक दुर्मिळ प्रामाणिक निर्णय होता. सोय गेली, वापरणारे हिरमुसले; पण खोटे आश्वासन पाटीवरून उतरविले गेले. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत पायथनच्या जुन्या, दुसऱ्या पिढीचा आधार काढून टाकला गेला. तिसरी पिढी आहे, ‘यू’सकट.

पर्लचे कुंपणही पूर्ण अभेद्य ठरले नाही. ते ज्या ‘सेफ’ नावाच्या मोड्यूलवर उभे होते, त्यातून निसटण्याच्या वाटा सापडल्या आणि मे २०१० मधील दुरुस्ती-आवृत्त्यांत ते बाजूला सारून, निषिद्ध क्रियांची यादी थेट पर्लच्या दुभाषावरच लादण्यात आली. सर्वसामान्य कामांसाठी घडलेल्या भाषेला मागाहून बेड्या घालणे किती अवघड, ते या दोन प्रसंगांवरून ध्यानात यावे.

विश्वासाची दुसरी बाजू मात्र वापरणाऱ्याच्या हिताची आहे. फंक्शन हे पहारेकऱ्याचेही काम करू शकते. २००२ च्या ७.३ आवृत्तीपासून फंक्शनला त्याच्या निर्मात्याच्या अधिकाराने चालण्याची सोय आहे. मग खिडकीवरील कर्मचाऱ्याला शिलकेचा तक्ता पाहण्याचीही परवानगी द्यावी लागत नाही; ‘रक्कम वळती कर’ हे एक फंक्शन चालविण्याची परवानगी पुरते. जे नियम त्या फंक्शनमध्ये लिहिले आहेत, ते टाळून कोणालाही व्यवहार करता येत नाही. आंतरजालावरील दूरध्वनी सेवा म्हणून गाजलेल्या आणि २०२५ मध्ये बंद झालेल्या स्काइपने हीच शिस्त पाळली होती. तिच्या आज्ञावल्या तक्त्यांना थेट स्पर्श न करता फंक्शनांनाच हाक मारीत. वापरकर्ते वाढल्यावर माहिती अनेक सर्व्हरांवर वाटावी लागली, तेव्हा स्काइपच्या चमूने ‘पीएल/प्रॉक्सी’ नावाची एक चिमुकली भाषाच लिहिली. कोणती हाक कोणत्या सर्व्हरकडे पाठवायची, एवढेच तिला सांगता येते. बाहेरच्या आज्ञावल्यांना या वाटणीचा पत्ताही लागला नाही. भाषा जोडण्याचे दार उघडे असल्याचा असाही फायदा.

ऑप्टिमायझरला न दिसणारी खोली

फेऱ्या वाचल्या म्हणजे वेग आलाच, असे मात्र नाही. एसक्यूएलची सारी हुशारी ऑप्टिमायझरमध्ये असते आणि फंक्शनच्या आत काय चालले आहे, हे त्याला दिसत नाही. ते फंक्शन दहा लाख ओळींवर लावले, तर दहा लाख वेळा त्या बंद खोलीचे दार ठोठावले जाते. आतील फंक्शनने प्रत्येक वेळी दुसऱ्या तक्त्यात डोकावायचे असेल, तर दहा लाख छोट्या क्वेरी चालतात. तेच काम दोन तक्ते एकदाच जोडून झाले असते. पोस्टग्रेसचा ऑप्टिमायझर तर अशा फंक्शनचा खर्च सरसकट एका साध्या क्रियेच्या शंभर पट धरून चालतो. लिहिणाऱ्याने निराळे सांगितले नसेल, तर आत एक बेरीज असो वा तासाभराचे काम, अंदाज तोच.

या दुखण्यावरील एका महत्त्वाच्या औषधाचे मूळ पवईत आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. एस. सुदर्शन हे जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या ग्रंथाचे एक सहलेखक. त्यांच्या गटाने प्रोसिजरल फंक्शनचे एसक्यूएलच्या बीजगणितात रूपांतर करण्यावर दीर्घकाळ संशोधन केले. ‘जर-तर’च्या प्रत्येक पायरीला तुल्य अशी तक्त्यांवरील क्रिया शोधायची, त्या एकमेकींत गुंफायच्या आणि फंक्शनच्या हाकेच्या जागी हा विस्तार ठेवायचा. मग बंद खोली उरतच नाही. सारे काम एकच मोठी क्वेरी होऊन ऑप्टिमायझरपुढे येते. याच गटात पीएच.डी. केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या पुढाकाराने तेथे ‘फ्रॉइड’ ही यंत्रणा साकारली. २०१८ मध्ये तिच्यावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीत ती ग्राहकांच्या हाती आली. एकच मूल्य परत देणारी, लूप नसलेली फंक्शने तिच्या कक्षेत येतात. वर्षानुवर्षे मंद चाललेली अशी फंक्शने एकही ओळ न बदलता कित्येक पट वेगाने चालू लागली. शिवाय पूर्वी अशी फंक्शने असलेली क्वेरी अनेक प्रोसेसरांवर वाटता येत नसे. तीही अडचण दूर झाली.

बाहेर पडण्याची किंमत

तरीही डेटाबेसमध्ये आज्ञावली लिहू नये, असा आग्रह धरणारा पक्ष दुबळा नाही. २००४ नंतर ‘रुबी ऑन रेल्स’सारख्या साधनांनी वाढविलेल्या पिढीने नियम बाहेरच्या आज्ञावलीत ठेवून डेटाबेसकडून केवळ साठवणुकीचे काम घेणे पसंत केले. त्यांचे आक्षेप खरे आहेत. बाहेरची आज्ञावली दहा यंत्रांवर पसरता येते. डेटाबेसचा मुख्य सर्व्हर बहुधा एकच असतो आणि तो सर्वांत महाग असतो. बाहेरच्या आज्ञावलीच्या प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, चाचण्या होतात. डेटाबेसमधील फंक्शन मात्र एखाद्या रात्री कोणी थेट बदलून गेले, तर सकाळी त्याचा माग लागत नाही. शिस्त असेल तर हेही टाळता येते, पण शिस्त विकत मिळत नाही.

सर्वांत जड आक्षेप पैशाचा आहे. तक्ते एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेणे तुलनेने सोपे. त्या कंपनीच्या बोलीत लिहिलेले हजारो नियम नेणे कठीण. परवान्याचे शुल्क वाढले तरी ग्राहक हलू शकत नाही, तो या नियमांमुळे. पीएल/पीजीएसक्यूएल ही ओरॅकलच्या भाषेची धाकटी बहीण म्हणावी इतकी सारखी दिसते. तरी फसगत होते. ओरॅकलमध्ये रिकामी अक्षरमाळ आणि ‘माहिती नाही’ हे दर्शविणारे ‘नल’ एकच मानले जातात. पोस्टग्रेसमध्ये ती दोन वेगळी आहेत. ‘मधले नाव नसेल तर’ ही ओरॅकलमध्ये वर्षानुवर्षे बरोबर चाललेली अट पोस्टग्रेसमध्ये आल्यावर कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देऊ शकते. तक्रार न करणारी चूक हीच सर्वांत खर्चिक. शिवाय अनेक फंक्शने एका गाठोड्यात बांधणारे ओरॅकलचे ‘पॅकेज’ पोस्टग्रेसमध्ये नाही; ती गाठोडी सोडून पुन्हा बांधावी लागतात.

या स्थलांतरावरच एक उद्योग उभा राहिला. अमेरिकेत २००४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यात मोठे विकास केंद्र असलेल्या एंटरप्राइजडीबी या कंपनीने पोस्टग्रेसमध्ये ओरॅकलची बोली जवळजवळ तशीच समजणारी आणखी एक प्रोसिजरल भाषा, पॅकेजसकट, बसविली. नियम न बदलता दफ्तरखानाच बदलावा, असा तो व्यवहार. पोस्टग्रेसमध्ये भाषा हीही जोडता येण्याजोगी वस्तू असल्यामुळेच तो शक्य झाला.

अलीकडे डेटाबेस भाड्याने घेण्याची पद्धत रूढ झाल्यापासून विश्वासाचा जुना प्रश्न नव्या रूपात परतला आहे. ॲमेझॉनसारखी कंपनी आपल्या यंत्रांवर ग्राहकाला पोस्टग्रेस चालवून देते तेव्हा खरा सुपरयूजर ती स्वतःकडे ठेवते. साहजिकच पायथनसारख्या ‘यू’च्या भाषा ग्राहकाला तेथे मिळत नाहीत. वेगवान, यंत्रभाषेत रूपांतरित होणारी, तरीही कुंपणात राहणारी भाषा हवी, या गरजेतून ‘रस्ट’ या भाषेची जोडणी तयार झाली आणि ॲमेझॉनने २०२३ मध्ये ती आपल्या पोस्टग्रेस सेवेत विश्वासार्ह भाषा म्हणून उपलब्ध केली. तिच्यात लिहिलेले फंक्शन स्वीकारण्यापूर्वीच भाषांतरक त्यातील धोकादायक रचना नाकारतो आणि फाइल वा जाळ्याकडे जाणारी प्रमाण ग्रंथालयातील दारे त्याच्यासाठी काढून टाकलेली असतात.